गुणाबाईची बारी

सिंदेवाही तालुक्यातील उमरीटोला येथे धान रोवणाऱ्या नऊ स्त्रिया एकमेकींच्या शेतात एक पैसाही न घेता राबतात, ही गंभीर बाब जुलै महिन्यातील एका सकाळी माझ्या निदर्शनास आली. मी शेतमजूर सन्मान कक्षाचा समन्वयक आहे. हा कक्ष कशासाठी स्थापन झाला ते आता कोणालाच नेमके सांगता येत नाही, पण हेतू उदात्त असावा असे दारावरच्या फलकाच्या आकारावरून वाटते.

कक्षाची प्रकृती त्या वेळी नाजूक होती. अख्ख्या वर्षात आम्हाला एकही वेठबिगार सापडला नव्हता. वेठबिगारच नाहीत तर कक्ष हवा कशाला, अशी वरून विचारणा झाली होती. प्रश्न इतका सरळ होता की त्याला उत्तर देणे अवघड होते. कक्ष बंद झाला असता तर माझी रवानगी थेट अहेरीच्या पलीकडे झाली असती. जंगलाविषयी मला नितांत आदर आहे. तो मी चंद्रपुरात राहून बाळगतो. तेव्हा मी जीप काढायला लावली आणि पीडितांच्या शोधात निघालो. सोबत कक्षाचा लिपिक अश्वजित होता. तो याच भागातला असल्यामुळे त्याला रस्ते माहीत होते आणि चिखलात उतरायची लाज नव्हती.

उमरीटोल्याच्या बोडीखाली, म्हणजे छोट्या तळ्याखाली, धानाच्या बांध्या आहेत. चहूबाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेल्या वाफ्याला इकडे बांधी म्हणतात. अगदी शेवटच्या बांधीत नऊ बाया ओळीने वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपे, चिखलात खोवत होत्या. गाणे चालू होते. पीडित लोक दुःख विसरण्यासाठी गातात हे मी एका प्रशिक्षणात ऐकले होते, त्यामुळे मी लगेच सावध झालो.

“मजुरी किती मिळते?” मी धुऱ्यावरून विचारले.

“कोन्ती मजुरी जी?” एक तरुण बाई वर पाहत म्हणाली. तिचे नाव दिव्यानी. ती बी.ए. झालेली होती आणि तरीही चिखलात उभी होती, हे मला खटकले.

“आजची. इथली.”

“आज तं गुणाबाईची बारी आहे.”

“बारी म्हणजे काय?”

“म्हनजे परवा माह्या इथी रोवणी झाली, काल लटारूभाऊच्या सुनेच्या इथी, आज इच्या इथी. जिच्या बांधीत पानी पोचलं तिची बारी. समद्याईचं झालं, आता हे एकच राह्यली. इची बांधी सगळ्याच्या खाली आहे ना, पानी शेवटी येते.”

“आणि पैसे?”

“आपसात कायचे पैसे?”

“समजा एखादी आली नाही तर?”

यावर सगळ्या हसल्या. मला हसण्यासारखे काही दिसले नाही.

“असं कसं येनार नाई साहेब,” दिव्यानी म्हणाली. “ती आमच्या बांधीत आली, तं आमाले तिच्या बांधीत जावंच लागते. फेडावं लागते ना.”

जावंच लागते. फेडावं लागते. मी अश्वजितला ही दोन्ही वाक्ये जशीच्या तशी लिहून घ्यायला सांगितली. एकात सक्ती होती आणि दुसऱ्यात कर्ज. वेठबिगारीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. व्याख्या मला तोंडपाठ आहे, कारण ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे आणि दुपारी जेवल्यावर माझी मान तिच्यावरच असते.

“मालक कोण?” मी विचारले.

सगळ्यांनी गुणाबाईकडे बोट दाखवले. ती साठीच्या आसपासची, लुगड्याचा काचा मारलेली, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेली बाई होती. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. घरात ती एकटी आणि तिचे दीड एकर. ती हातातली पेंढी तशीच धरून म्हणाली, “मीच जी. काऊन? चाय मांडू का?”

ज्या क्षणाची मी वर्षभर वाट पाहत होतो तो असा सहजासहजी समोर उभा राहिला. मी धुऱ्यावर ताठ उभा राहून म्हणालो, “सर्व भगिनींनी बाहेर यावे. तुम्ही मुक्त झाला आहात.”

कोणीही बाहेर आले नाही.

शेजारी लटारूभाऊ बैलजोडीने चिखलणी करत होते. म्हातारा माणूस, बैल त्यांचे स्वतःचे, आणि तेही गुणाबाईसाठी फुकट जुंपलेले. म्हणजे बैलही पीडितच. त्यांनी बैल थांबवले आणि विचारले, “कोनी मेलं का?”

“कोणी मेलेलं नाही. का?”

“चालू रोवणीतून बाया बाहेर काडून राह्यले म्हनून इचारलं. पऱ्हे उपडून ठेवले साहेब. आज नाई रोवले तं उद्या सडते ते.”

“भाऊ, माणसाचे स्वातंत्र्य मोठे की पऱ्हे मोठे?”

लटारूभाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. “श्रावण लागेपर्यंत पऱ्हे,” ते म्हणाले.

गुलामगिरी माणसाच्या मनात किती खोल जाते ते मला त्या दिवशी कळले. अश्वजित माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “साहेब, हे आमच्याकडे सगळीकडेच असतं. माझी आईसुद्धा...”

“आईचा पूर्ण पत्ता दे,” मी म्हणालो. त्यानंतर या प्रकरणात अश्वजितने आपले मत मांडले नाही.

शेवटी पोलीस पाटलाला बोलावून बायांना बाहेर काढावे लागले. गुणाबाई सगळ्यात शेवटी आली, आणि येताना उपटलेल्या पेंढ्या वाहून जाऊ नयेत म्हणून धुऱ्याच्या कडेला पाण्यात नीट लावून आली. मी तेवढा वेळ तिला दिला. आमचा कक्ष माणुसकी सोडून काम करत नाही.

कार्यालयात आल्यावर प्रकरण अपेक्षेपेक्षा समृद्ध निघाले. गुणाबाईच्या शेतात आठ जणी फुकट राबल्या म्हणून गुणाबाई मालक. पण गुणाबाईही उरलेल्या आठ जणींच्या शेतात फुकट राबली होती, म्हणून ती मजूर आणि त्या मालक. अशा रीतीने नऊ बायांमधून नऊ पीडित आणि नऊ आरोपी निष्पन्न झाले. वरिष्ठांनी फोनवर स्वतः माझे अभिनंदन केले. एकाच व्यक्तीने स्वतःचे शोषण दुसऱ्यांकडून आणि दुसऱ्यांचे शोषण स्वतःकडून इतक्या शिस्तीत करून घेतल्याचे उदाहरण राज्यात दुसरे नव्हते. आठ जणींच्या बांधीत मात्र धान रोवून झाले होते, म्हणजे तिथला पुरावा जमिनीत गेला होता. रंगेहाथ सापडली होती ती एकट्या गुणाबाईची बांधी. त्यामुळे चौकशी तिच्यापासून सुरू करायचे ठरले.

नियमाप्रमाणे मालक आणि मजूर यांचे समोरासमोर समुपदेशन होते. गुणाबाईला आम्ही आधी मालकाच्या खुर्चीत बसवून कडक शब्दांत समज दिली, आणि मग मजुराच्या खुर्चीत बसवून धीर दिला. दोन्ही वेळा तिने एकच प्रश्न विचारला, “आता जाऊ का जी?”

मुक्तीचा सोहळा सिंदेवाहीच्या सभागृहात ठेवला होता. बायांना सकाळीच गाडीने आणले. प्रमुख पाहुणे दुसऱ्या एका मुक्तीच्या कार्यक्रमात अडकल्यामुळे दुपार टळून गेल्यावर आले. तोपर्यंत बाया पंख्याखाली बसून खिडकीतून आभाळाकडे पाहत होत्या. चांगला पाऊस लागला होता. मला वाटले, निसर्गही आनंदात सहभागी झाला आहे. पाहुण्यांनी भाषणात सांगितले की श्रमाला मोल मिळाले पाहिजे, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकीला शाल, नारळ आणि मुक्तीचे प्रमाणपत्र देण्यात आले. छायाचित्र काढताना गुणाबाई काही केल्या हसेना. छायाचित्रकाराने तीनदा सांगितले. मला तिचा रागच आला. एवढा खर्च करून माणसाला मोकळे करावे आणि त्याने तोंड पाडून उभे राहावे, याला काय म्हणायचे?

मंचावरून उतरता उतरता ती मला म्हणाली, “झालं ना साहेब? आता जाऊ द्या आमाले. पाऊस पडून राह्यला, उजेड आहे तवर एक बांधी होऊन जाईल.”

मी तिला बाजूला घेऊन नियम समजावून सांगितला. मुक्त मजुराला चौकशी पूर्ण होईपर्यंत वेठबिगारीच्या जागी परत जाता येत नाही. नाहीतर मुक्तीला अर्थ काय?

“बरं, त्या नाई येत,” ती म्हणाली. “मी पैसे देऊन दुसऱ्या बाया लावतो.”

“अवश्य लावा. फक्त आमच्याकडे नोंदलेल्या बाया लावा.”

“कोन आहे नोंदलेल्या?”

“सध्या याच नऊ.”

“मंग मी एकटीच रोवतो,” ती म्हणाली. “माह्याच बांधीत मले कोन अडवते?”

“तुम्हीही मुक्त मजूर आहात, गुणाबाई. आणि बांधी हे घटनास्थळ आहे.”

“माह्याच बांधीत मी जाऊ नाई?”

“तुमच्याच बांधीतून तर तुमची सुटका केली आहे.”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन रोवायला लागली, असे कळले. म्हणून मला तिथे एक होमगार्ड बसवावा लागला. बिचारा मोठी छत्री घेऊन रोज धुऱ्यावर बसे आणि बांधीत कोणी धान तर लावत नाही ना, याकडे डोळ्यांत तेल घालून पाही.

आता गुणाबाई कक्षात येऊ लागली. ती बसने यायची, दारात चपला काढायची आणि माझ्या टेबलासमोर उभी राहायची. हातात पऱ्ह्यांची जुडी असायची. कधी त्यातले पाणी माझ्या फायलींवर ठिबकायचे.

“हे पाहा जी,” ती एक रोप मोडून दाखवत म्हणाली, “कांडी धरून राह्यलं. म्हातारं झालं ते. आखीन थोडे दिस गेले तं याले फुटवे येत नाई. मंग रोवलं काय अन् नाई रोवलं काय, एकच.”

मी ते रोप घेतले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले, वर चिठ्ठी चिकटवली आणि कपाटात ठेवून कुलूप लावले.

“ते काऊन ठेवता?”

“पुरावा आहे.”

“साहेब,” ती म्हणाली, “माहं वर्षाचं खानं आहे ते. साऱ्याईच्या बांधीत मी कंबर मोडली. पावसात भिजलो, तापात गेलो, एक बारी चुकवली नाई. अन् माही बारी आली तं तुमी आले.”

“तुमच्यासाठीच आलो,” मी म्हणालो. मला तिच्या अज्ञानाचे खरोखर वाईट वाटले. मी तिला चहा पाजला आणि त्याची नोंद सत्कार या शीर्षाखाली केली.

ऑगस्टमध्ये पीक पाहणी झाली. गुणाबाईच्या दीड एकरात पाणी होते, चिखल होता, होमगार्ड होता, पण पीक नव्हते. पीक नसलेल्या जमिनीला पडीक म्हणतात. ती पडीक का राहिली, हे लिहायला पाहणीत जागा नसते. पडीक जमिनीची बातमी लगेच करिश्मा मॅडमपर्यंत गेली.

करिश्मा मॅडम देशी बहुवर्षीय प्रजाती लागवड मोहिमेच्या प्रमुख होत्या. त्यांच्याकडे आलापल्लीहून आलेली मोहाची ट्रकभर रोपे होती आणि लावायला जागा नव्हती. जिल्ह्यात जिकडे पाहावे तिकडे आधीच जंगल उभे असल्यामुळे झाडे लावण्याची मोठी अडचण होते. पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता. मॅडम बांधी पाहायला आल्या आणि भारावून गेल्या.

“या मातीतलं झाड आपण या मातीला परत देतोय,” त्या म्हणाल्या. “एकदा लावलं की शंभर वर्षं बघायला नको. नाहीतर धान! दरवर्षी नव्याने लावा, दरवर्षी नव्याने कापा. काय तो त्रास.”

लटारूभाऊ तिथेच बैल धुवत होते. ते म्हणाले, “मॅडम, मोह बरडावर राह्यते, नाईतं धुऱ्यावर. बांधीत नाई राहत जी. पान्यात मूळ सडते त्याचं.”

मॅडम सूचनांचे स्वागत करणाऱ्या होत्या. “मग पाणी काढून टाका,” त्या म्हणाल्या.

धुरा फोडण्यात आला. बोडीपासून सगळ्यांच्या बांध्या भरत भरत शेवटी इथवर आलेले पाणी नाल्याला लागले. लटारूभाऊ दोनदा धावत जाऊन ढेकळे टाकून आले आणि होमगार्डने दोनदा ती काढली. गुणाबाई पलीकडच्या धुऱ्यावर बसून जाणारे पाणी पाहत होती. कडेला लावून ठेवलेल्या तिच्या पेंढ्या केव्हाच काळ्या पडल्या होत्या. ती रडत नव्हती. रडली असती तर बरे झाले असते, आनंदाश्रू म्हणून छायाचित्रात घेता आले असते.

आता खड्डे कोणी खणायचे, हा प्रश्न उभा राहिला. मोहिमेचा मजुरीचा निधी उद्घाटनाच्या मंडपावर खर्च झाला होता. उपाय मी सुचवला, आणि माझ्या कारकिर्दीतला तो सर्वांत समर्पक उपाय होता असे मला वाटते. श्रमदान. मुक्त भगिनींनी मुक्तीच्या भूमीवर स्वतःच्या हातांनी मोह लावायचा. येणे ऐच्छिक होते. जी येणार नाही तिची पुनर्वसनाची मदत थांबणार, एवढेच काय ते.

नऊही जणी आल्या. आपापल्या कुदळी घेऊन आल्या. दुपारपर्यंत त्या खणत होत्या आणि या वेळी कोणी गात नव्हते, त्यावरून त्या दुःखी नाहीत हे मी ओळखले. मध्येच दिव्यानीने कुदळ टाकली आणि सरळ माझ्यासमोर आली.

“साहेब, एक सांगा. तवा याच बांधीत आमी फुकट काम करत होतो, तं तुमी म्हनले गुन्हा आहे. आता याच बांधीत फुकट खड्डे खनून राह्यलो. मंग हे काय आहे?”

शिकलेल्या माणसाला नीट उत्तर दिले पाहिजे, या मताचा मी आहे. “त्यात आणि यात मोठा फरक आहे, दिव्यानी,” मी म्हणालो. “त्या कामात गुणाबाईचा फायदा होता. त्याआधी तुझा होता. प्रत्येकीचा स्वार्थ त्यात अडकला होता. या कामात कोणाचाच काही फायदा नाही. म्हणून हे दान.”

ती परत जाऊन खणू लागली. पटले असावे.

स्वातंत्र्यदिनी रोपे लागली आणि उमरीटोल्याचे नाव सगळीकडे झाले. वर्तमानपत्रात आले, मोबाइलवर फिरले. मुंबई-पुण्याच्या, नागपूरच्या संवेदनशील नागरिकांचे फोन येऊ लागले. आम्ही यात काय करू शकतो, असे ते गहिवरून विचारत. त्यांच्यासाठी आम्ही मोह दत्तक योजना सुरू केली. घरबसल्या एक रोप दत्तक घ्यायचे आणि बांधीत त्या रोपाशेजारी आपल्या नावाची पाटी लागायची. कोणी आईच्या नावाने घेतले, कोणी मुलाच्या वाढदिवसानिमित्त, एकाने आपल्या गेलेल्या कुत्र्याच्या नावाने. आठवडाभरात सगळी रोपे दत्तक गेली. रोवणीच्या दिवसांत गुणाबाईला दोन जादा हात मिळत नव्हते. मोहाला मात्र आता आईबाप पुरून उरले.

नोव्हेंबरात धान कापणीला आले. आठ जणींची खळी भरली. एके दिवशी गुणाबाईच्या ओसरीत धानाची पोती रचलेली आहेत, अशी खबर आली. जिचे पीकच नाही तिच्या घरी धान कुठून? मी पोहोचलो तेव्हा लटारूभाऊ आणखी एक पोते उतरवत होते.

“हे कशाचे?” मी विचारले.

“तिची बारी राह्यली होती ना जी,” ते म्हणाले. “आमच्या समद्याईचं तिनं रोवून देल्लं. तिचं आमच्यानं झालं नाई. मंग पिकलं त्यातलं थोडं थोडं सारेच देऊन राह्यले.”

“कोणी सांगितले द्यायला?”

“कोन सांगते? द्यावंच लागते.”

अनिष्ट प्रथा किती चिवट असते पाहा. आम्ही श्रमाच्या रूपात बंद केली तर ती धान्याच्या रूपात उगवली. मी सगळी पोती जप्त करून कक्षात आणली. गुणाबाई जीपच्या मागे गावाबाहेरच्या वळणापर्यंत आली. “मंग मी खाऊ काय, साहेब?” एवढेच तिने विचारले. धान सुरक्षित आहे, काळजी करू नका, असे मी तिला सांगितले. ते खरेच सुरक्षित आहे. माझ्याच खोलीत, पंख्याखाली आहे. उंदरांचा थोडा त्रास आहे, पण त्यासाठी मांजराचा प्रस्ताव पाठवला आहे.

मी निर्दय माणूस नाही. धान परत मिळण्याचा मार्ग मी स्वतः शोधून काढला. आरोपीने समाजोपयोगी वर्तन केल्यास जप्त माल सोडता येतो. म्हणून गुणाबाईने रोज मोहांना पाणी घालावे, आणि झाडे जिवंत असल्याची दत्तक पालकांनी प्रत्यक्ष येऊन सही केली की धान घेऊन जावे, असे ठरले. तिने लगेच अंगठा दिला. डिसेंबरपासून ती बोडीवरून दोन दोन घागरी आणून पाणी घालते आहे. मजुरी अर्थातच नाही. समाजोपयोगी वर्तनाला मजुरी दिली की त्यातला समाज निघून जातो.

बहुतेक रोपे मात्र वाळली. लटारूभाऊ म्हणतात आधी मुळे सडली. कारण काही असो, पाट्या पत्र्याच्या असल्यामुळे अजून खणखणीत आहेत. पाणी घातले नाही तर पालकांना वाईट वाटेल, म्हणून पाटी दिसेल तिथे पाणी घालण्याच्या सूचना मी दिल्या आहेत. सध्या एप्रिल आहे. जंगलात खऱ्या मोहांखाली फुलांचा सडा पडला आहे आणि टोल्यातल्या सगळ्या बाया टोपल्या घेऊन वेचायला जातात. पूर्वी गुणाबाईही जात असे आणि त्यावर तिचा उन्हाळा निघत असे. आता तिला सवड नसते, कारण तिला मोहाला पाणी घालायचे असते. परवा मी गेलो तेव्हा ती बरीच वाळलेली दिसली. तिने मला काही विचारले नाही. फक्त रस्त्याकडे पाहून म्हणाली, “ते लोकं आले नाई जी अजून.”

म्हणून दत्तक पालकांना हे निवेदन. आपल्या सर्वांना मी दोनदा स्मरणपत्र पाठवले आहे. आपण उत्तरादाखल पाठवलेले जोडलेले हात आणि हिरवी हृदये मिळाली, आभारी आहे. नियमाला मात्र सही लागते. आपली पाटी पूर्वेकडच्या ओळीत आहे, नाव सुवाच्य आहे आणि तिच्या बुडाशी रोज संध्याकाळी एक घागर पाणी पडते. आपल्याला जमेल तेव्हा या. या उन्हाळ्यात नाही जमले तर पुढच्या उन्हाळ्यात या, मुलांच्या परीक्षा झाल्यावर सहकुटुंब या. ताण घेऊ नका. आपण येईपर्यंत गुणाबाई तिथून कुठेही जाणार नाही.